सुरक्षित ठिकाणी ठेवा!

सर्व्हरची डिस्क एन्क्रिप्ट करायला घेतली की ते सॉफ्टवेअर सुरुवातीला फार काळजी करतं. कोणती डिस्क, सगळी की थोडी, आधी बॅकअप घेतलाय का, खरंच पुढे जायचं का, अगदी नक्की ना, असं खोदून खोदून विचारतं. मग काम संपतं, पडद्यावर एक लांबलचक आकडा उमटतो आणि खाली एकच ओळ येते: ही तुमची रिकव्हरी की, ती सुरक्षित ठिकाणी ठेवा. बस्स. इतका वेळ कानाकोपऱ्याची चौकशी करणारं हे यंत्र ऐन मुद्द्यावर येताच सरकारी भाषेत शिरतं. सुरक्षित ठिकाण म्हणजे कोणतं, ते कुठे असतं, तिथे जायला कुणाची सही लागते, याबद्दल अवाक्षर नाही.

निरनिराळ्या ऑफिसांत जाऊन तिथले संगणक नीट सांभाळले जातात की नाही हे तपासणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. माझ्या यादीत एक दिसायला गरीब प्रश्न असतो: रिकव्हरी की कुठे ठेवली आहे? फायरवॉल, अँटिव्हायरस, सीसीटीव्ही यांवर घडाघडा बोलणारी माणसं इथे येऊन एकमेकांकडे बघू लागतात. शेवटी एकजण म्हणतो, "आहे ना सर, एकदम सेफ आहे."

"कुठे?"

"ते आमच्या आधीच्या सिस्टिमवाल्याला माहीत."

"तो कुठे असतो?"

"कॅनडात."

"मग फोन करून विचारा."

"उचलत नाही ना सर. जाताना त्याचा शेवटचा पगार अडकवला होता आम्ही."

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवरचा मजकूर किल्लीशिवाय निव्वळ कचरा असतो. चोरानं सर्व्हर उचलून नेला तरी त्याच्या हाती लोखंड लागतं, पगारपत्रकं लागत नाहीत. इथवर उत्तम. पण यंत्राला चोर आणि मालक यांतला फरक कळत नाही. किल्ली हरवलेला मालक त्याच्या लेखी चोरच. बरं, २५६ बिटांच्या किल्लीचे किती पर्याय होतात तो आकडा कागदावर मांडायचा तर ७८ अंक लागतात. मंडईच्या कोपऱ्यावर छत्रीखाली बसून कानशीनं किल्ली घासून देणारे चाचा इथे कामाचे नाहीत. कुलपाचं काम गणितानं चोख केलंय. किल्ली सांभाळण्याचं काम मात्र माणसांकडे आलं, आणि माणसांकडे आलेल्या कामाचं जे होतं तेच त्याचं झालं.

खरं तर याची सूचना फार आधी मिळाली होती. ऑग्युस्त केरकॉफ्स नावाचे एक डच गृहस्थ पॅरिसमध्ये जर्मन शिकवायचे. १८८३ साली त्यांनी लष्करी गुप्तलेखनावर एक दीर्घ लेख लिहिला आणि चांगल्या पद्धतीचे सहा नियम सांगितले. त्यांतला एक आजही या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात: तुमची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावं. हा नियम सगळ्यांनी डोक्यावर घेतला. पण त्याच यादीत केरकॉफ्सनी असंही म्हटलं होतं की किल्ली कुठेही लिहून न ठेवता लक्षात राहील अशी असावी. या नियमाला आम्ही सरळ पाठ दाखवली. विंडोजवाल्या बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ अंकी असते. व्हॉट्सॲपचा बॅकअप पासवर्डाऐवजी किल्लीनं बंद केला तर ती ६४ अंकी. घरी जाताना दूध आणायचं लक्षात न राहणाऱ्या प्राण्याकडून ही अपेक्षा आहे.

लक्षात राहत नाही म्हटल्यावर ती कुठेतरी ठेवावी लागते, आणि इथून ऑफिसातल्या माणसांची खरी प्रतिभा सुरू होते.

सर्वांत लोकप्रिय ठिकाण म्हणजे तोच सर्व्हर. ज्या डिस्कची किल्ली त्याच डिस्कवर, 'इम्पॉर्टंट' नावाच्या फोल्डरमध्ये. विचारलं तर उत्तर तयार: "आमच्याकडे सर्वांत सुरक्षित तोच आहे ना सर, एन्क्रिप्टेड आहे!" या युक्तिवादात तसं बघायला गेलं तर कुठेच चूक सापडत नाही. हसू नका, ही फक्त आपल्याकडच्या बारक्या ऑफिसांची गोष्ट नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षेच्याच सॉफ्टवेअरचं एक सदोष अपडेट जगभर गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं निळा पडदा दाखवत बसली. दुरुस्ती अगदी साधी होती, यंत्र सेफ मोडमध्ये उघडून एक फाइल पुसायची. पण डिस्क बिटलॉकरनं बंद असेल तर आत शिरायलाच ४८ अंक हवेत. आणि काही संस्थांमध्ये ते अंक ज्या सर्व्हरवर नीट जपून ठेवले होते तोही निळा होऊन शेजारीच बसला होता. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर आगीत भस्मसात झालं, तेव्हा काही ग्राहकांना कळलं की आपला बॅकअपही त्याच आवारात होता. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला फेसबुक स्वतःच्याच एका चुकीनं इंटरनेटवरून सहाएक तास नाहीसं झालं. दुरुस्तीला माणसं डेटा सेंटरवर धावली, तर कुणी सहजासहजी आत घुसू नये म्हणून केलेला कडेकोट बंदोबस्त त्यांनाच आडवा आला. बंदोबस्ताचं काम त्यानं इमानानं केलं, त्याला कोण काय बोलणार?

दुसरं ठिकाण मोबाइल. पडद्यावर किल्ली उमटली की पटकन फोटो काढतात. तो फोटो गॅलरीत मावशीच्या एकसष्टीच्या आणि मिसळीच्या फोटोंच्या मधोमध जाऊन बसतो, तिथून आपसूक क्लाउडवर चढतो आणि घरच्या टॅबवर उतरतो. किल्लीचा फोटो म्हणजे किल्लीच, हे माणसांना पटता पटत नाही. अमेरिकेत विमानतळावर प्रवाशांच्या बॅगांची कुलपं उघडायला तिथल्या टीएसए या सुरक्षा खात्याकडे खास सामाईक किल्ल्या असतात. २०१४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मधल्या एका लेखासोबत त्या किल्ल्यांचा जुडगा फोटोत स्पष्ट झळकला. पुढच्या वर्षी उत्साही मंडळींनी फोटोवरून दाते मोजून त्रिमिती प्रिंटरवर तशाच किल्ल्या काढल्या, आणि त्या लागल्या. त्या तर धातूच्या होत्या. आपली किल्ली नुसते आकडे, तिला फोटोतून बाहेर यायला प्रिंटरही लागत नाही.

तिसरं ठिकाण एक्सेल फाइल. तिचं नाव 'पासवर्ड फायनल नवीन २' असं असतं. थोडी हुशार माणसं तिला 'डाळीचे प्रकार' किंवा 'गणपती वर्गणी' असं नाव देतात. मग एके दिवशी वर्गणीचा हिशेब मागवला जातो आणि ती सर्वांना मेलनं जाते. अशा वेळी मी त्यांना धीर देतो. जगभरच्या प्रोग्रामरांचा सगळा संसार जिथे चालतो त्या गिटहबची स्वतःची एक खासगी किल्ली मार्च २०२३ मध्ये काही काळ सर्वांना दिसेल अशा जागी पडून होती. त्यांनी तातडीनं किल्ली बदलली आणि तसं जाहीर केलं. उघड्यावर पडलेली किल्ली म्हणजे संपलेली किल्ली, हे त्यांना माहीत होतं. आपल्याकडे तेवढ्यापुरती मेल 'रिकॉल' करतात, आणि मग ज्यांनी ती उघडली नव्हती तेही कुतूहलानं उघडून बघतात.

चौथं ठिकाण कागद. आता इथे मी थोडा गंभीर होतो, कारण कागद हा वाईट पर्याय नाही. कागदाला नेटवर्कवरून कुणी हात लावू शकत नाही. पण ऑफिसातला एकमेव चालू प्रिंटर बिलं छापण्याचा असेल, तर त्याच्या थर्मल कागदावरची किल्ली वर्षा-दोन वर्षांत उडून जाते, आणि पाकिटातून अत्यंत सुरक्षित असा कोरा कागद निघतो. इंकजेटवर छापाल तर कोकणातल्या जूनपासूनच्या ओलीत शाई फुटते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नौदल एनिग्माच्या मांडणीचे तक्ते मुद्दाम पाण्यात विरघळणाऱ्या शाईनं छापायचं, म्हणजे जहाज बुडू लागलं की गुपितही बुडावं. रत्नागिरीच्या ऑफिसाला असं काही मुद्दाम करावं लागत नाही.

हातानं लिहून घ्यायची तर आणखी मजा. शून्य की इंग्रजी ओ, एक की एल, पाच की एस, यावर पुढे वारसांमध्ये तंटे होतात. बिटलॉकरवाल्यांनी इथे शहाणपणा केलाय. त्यांच्या किल्लीत नुसते अंक, सहा-सहांचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला अकरानं नि:शेष भाग जातो. एखादा अंक चुकला की भाग जात नाही आणि यंत्र लगेच सांगतं, या गटात घोळ आहे. माणूस चुकणार हे धरून बांधलेली वस्तू मला नेहमीच आदरणीय वाटते.

बिटकॉइनवाल्या मंडळींनी कागदाच्या पुढची पायरी गाठली आहे. त्यांच्या किल्लीचं रूपांतर २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतल्या बारा किंवा चोवीस शब्दांत होतं. यादी अशी बेतली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता यावा. हे शब्द ते पोलादी पट्टीवर ठोकून ठेवतात, आगीत-पुरात टिकावेत म्हणून. आपल्या लोकांना यात नवल वाटायचं कारण नाही. दख्खनच्या राजांनी दिलेले ताम्रपट हजार-बाराशे वर्षांनी शेतात नांगराला लागतात आणि अजून वाचता येतात. शिवाय शिलाहारांच्या काळापासूनचे गधेगाळ आहेतच: दानाची जमीन जो बळकावेल त्याच्यासाठी दगडावर गाढवाच्या चित्रासह कोरलेली अशी शिवी, की या मासिकात तिचं वर्णनही करता येणार नाही. किल्लीच्या पाकिटावर आपण नुसतं 'गोपनीय' लिहितो, आणि ते वाचून माणसाला हटकून उघडावंसं वाटतं. शिलाहारांना माणसं जास्त कळत होती.

कागदाचा खरा शत्रू मात्र हॅकर नव्हे, आग नव्हे, पूरही नव्हे. दिवाळीची आवराआवर. त्या चार दिवसांत घरात आणि ऑफिसात जे जातं ते कुठलाही चोर नेऊ शकत नाही. वेल्समधल्या न्यूपोर्ट गावच्या जेम्स हॉवेल्स यांनी दिवाळी नसतानाही हे साधलं. २०१३ साली टेबल आवरताना सारख्या दिसणाऱ्या दोन हार्ड डिस्कपैकी नको ती कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो उकरू द्या म्हणून ते नगरपालिकेशी वर्षानुवर्षं भांडले. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानंही दावा फेटाळला. आपल्याकडे ही वेळ आली नसती. इथे ती डिस्क संध्याकाळपर्यंत भंगारवाल्याकडे, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारात चादरीवर मांडलेली दिसली असती.

पाचवं ठिकाण डोकं. "लिहून ठेवायची गरजच नाही, माझ्या लक्षात आहे," असं सांगणारा एक प्रसन्न मनुष्य प्रत्येक ऑफिसात असतो. त्याला मी स्टेफान थॉमस यांची गोष्ट सांगतो. हे स्वतः प्रोग्रामर. त्यांच्याकडे ७,००२ बिटकॉइन होते. त्यांची किल्ली एका अशा पेन ड्राइव्हमध्ये होती की चुकीचा पासवर्ड दहा वेळा टाकला तर आतला मजकूर कायमचा बंद. पासवर्ड लिहिलेला कागद गहाळ. २०२१ च्या जानेवारीत जगानं ही बातमी वाचली तेव्हा त्यांचे आठ प्रयत्न संपले होते आणि दोन उरले होते. एवढ्या श्रीमंत माणसाचा इतका हेवा न वाटण्याचा प्रसंग विरळाच.

सहावं ठिकाण साहेब. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली पँट्रीतल्या खिळ्याला, आणि हे चहावाल्या पोऱ्यापासून सगळ्यांना ठाऊक. ड्रॉवर उघडला तर पाकिटासोबत तीन वर्षांपूर्वीचं वधूवरांचं नाव पुसट झालेलं आमंत्रण, बंद पडलेलं घड्याळ आणि आवळा सुपारी. ते एक वेळ चालेल, पण "किल्ली फक्त माझ्याकडे असते" असं अभिमानानं सांगणारे साहेब भेटले की मला धास्ती वाटते. आमच्या धंद्यात 'बस फॅक्टर' मोजतात: किती माणसं बसखाली आली की तुमचं काम ठप्प होईल? उत्तर एक असेल तर परिस्थिती गंभीर. पुण्यात ही कल्पना समजावून सांगायला मला कधीच वेळ लागलेला नाही.

याचं गाजलेलं उदाहरण कॅनडाचं, पण शेवट आपल्याकडे जयपूरमध्ये. क्वाड्रिगा नावाच्या क्रिप्टो बाजाराचे संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला आले असताना आजारी पडून वारले. कंपनीनं सांगितलं की ग्राहकांचे कोट्यवधी डॉलर ज्या तिजोऱ्यांत आहेत त्यांच्या किल्ल्या फक्त त्यांच्याचकडे होत्या. जगभर हळहळ झाली, एका माणसावर विसंबू नका म्हणून अग्रलेख आले. पुढे चौकशीत निघालं की त्या तिजोऱ्या कित्येक महिने आधीपासूनच रिकाम्या होत्या, आणि ऑन्टारिओच्या नियामकांनी २०२० मध्ये हा सरळ फसवणुकीचा प्रकार ठरवला. किल्ली हरवली म्हणून लोक रडत होते आणि तिजोरीत काही नव्हतंच. या दुसऱ्या भागाचा आपल्याकडच्या ठेवीदारांना तितकासा धक्का बसू नये.

मग किल्ली एकापेक्षा जास्त माणसांत वाटावी. कशी वाटायची? एक जुनं गणिती कोडं आहे. अकरा शास्त्रज्ञांना कागदपत्रं अशी बंद करायची आहेत की कुठलेही सहाजण जमले तरच कपाट उघडावं. साधी कुलपं वापरली तर कमीत कमी किती लागतील? उत्तर आहे ४६२ कुलपं, आणि प्रत्येक शास्त्रज्ञाच्या कमरेला २५२ किल्ल्या. १९७९ मध्ये आदी शमीर यांनी हे कोडं सांगून अवघ्या दोन पानांत त्यावर तोड काढली. त्याच वर्षी जॉर्ज ब्लेकली यांनीही स्वतंत्रपणे वेगळ्या वाटेनं तेच साधलं. शमीर यांची युक्ती शाळेतल्या आलेखाच्या वहीवर समजते. एका बिंदूतून हव्या तितक्या रेषा जातात, दोन बिंदू मिळाले की रेषा एकच. तसंच तीन बिंदूंतून एकच परवलय. गुपित त्या वक्रावर एका ठरलेल्या जागी ठेवायचं आणि वक्रावरचे बाकी पाच बिंदू पाचजणांना द्यायचे. कुठलेही तिघे जमले की वक्र सापडला, किल्ली मिळाली. सौंदर्य असं की दोघेच जमले तर त्यांना दोन-तृतीयांश गुपित कळतं असंही नाही. काहीच कळत नाही.

व्हॉल्ट नावाचं किल्ल्या सांभाळणारं सॉफ्टवेअर हीच पद्धत वापरतं. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही तर ते पाच तुकडे करतं आणि तीन मागतं. मात्र सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की ते तिघं पुन्हा हवेत. आणि सर्व्हर कधी बंद पडतो? पहाटे तीनला. पाचांपैकी एक गाढ झोपलेला, एक लोणावळ्याच्या पुढे बोगद्यात, एक मुलीच्या लग्नात, एक कॅनडात. पाचवा हजर असतो, पण त्याचं चौथ्याशी बोलणं नाही.

आपल्या हाउसिंग सोसायट्यांनी या अडचणीवर तोडगा काढलेला आहे. गणपूर्ती झाली नाही की सभा अर्धा तास तहकूब करायची, आणि मग तीच सभा जमतील तेवढ्या माणसांत भरवायची. अध्यक्ष, चिटणीस आणि चहासाठी आलेले एक काका मिळून इमारतीचा रंग ठरवतात. शमीर यांच्या गणितात ही सोय नाही. ते परवलय अर्धा तासच काय, वर्षभर तहकूब राहील, पण दोन बिंदूंवर ऐकणार नाही.

ही सगळी काळजी टोकाला नेली तर काय होतं ते बघायचं असेल तर इंटरनेटच्या मुळाशी जायला हवं. आपण संकेतस्थळाचं नाव टाइप केल्यावर मिळणारा पत्ता खरा आहे याची खात्री देणाऱ्या सह्यांची एक साखळी आहे, आणि तिच्या अगदी वरच्या टोकाला एक किल्ली. २०१० पासून तिचे समारंभ होतात, वर्षातून साधारण चारदा, अमेरिकेच्या दोन टोकांना: पूर्वेला कल्पेपर, पश्चिमेला एल सेगुंडो. दोन्हीकडे निरनिराळ्या देशांतले सात-सात विश्वासू स्वयंसेवक नेमलेले, त्यांतले किमान तिघं हजर हवेत. प्रत्येकाकडे तिजोरीतल्या एकेका लॉकरची किल्ली, लॉकरात स्मार्ट कार्ड. शिवाय सगळंच बुडालं तर म्हणून आणखी सातजण, त्यांपैकी पाच लागतील. छेडछाड झाली की स्वतःची स्मृती पुसून टाकणारं यंत्र आहे, फाडल्याशिवाय न उघडणाऱ्या पिशव्या आहेत, ओळीओळीनं वाचायची संहिता आहे, आणि सगळं जगाला थेट दाखवलं जातं.

तर फेब्रुवारी २०२०. एल सेगुंडोचा समारंभ १२ तारखेला ठरलेला. मंडळी जमली. आदल्या दिवशीच्या देखभालीत कळलं की तिजोरी उघडत नाही. गणित ठणठणीत, स्वयंसेवक हजर, कार्डं जागेवर, फक्त तिजोरीचं कुलूप बिघडलं! मग काय केलं? जे आपण करतो तेच. कुलूपवाल्याला बोलावलं, त्यानं ड्रिलनं भोक पाडलं. समारंभ १६ तारखेला पार पडला. दोनच महिन्यांत कोविड आला, विमानं बंद झाली, तेव्हा एप्रिलच्या समारंभात मोजक्या माणसांवर काम भागवून एकदम नऊ महिन्यांच्या सह्या करून ठेवल्या. मला हे लोक आवडतात. त्यांचं कुलूप बिघडलं, वेळापत्रक कोसळलं, तरी इंटरनेट चालू राहिलं. कारण वेळेच्या बरंच आधी जमायचं ही त्यांची रीत, आणि काहीतरी बिघडणार हे त्यांनी आधीच धरलेलं.

हाच विचार आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी आज्ञापत्रात मांडून ठेवला आहे. किल्ल्याला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष, म्हणून दोन-तीन दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात, मात्र रोजच्या वापराला लागतील तेवढ्याच ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असं ते सांगतात. लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करणारी लुक्स ही पद्धत नेमकी याच चालीवर बांधलेली आहे. एकाच डिस्कला अनेक पासवर्ड देता येतात, जुन्या आवृत्तीत आठ, नव्या आवृत्तीत बत्तीसपर्यंत. एक रोजच्या कामाचा, एक पाकिटातला, एक दुसऱ्या गावच्या शाखेतला. दरवाजे करण्याचा अर्धा भाग लोक हौसेनं करतात. चिणण्याचा अर्धा भाग कुणीच करत नाही. चार वर्षांपूर्वी भांडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड आजही चालतो. आणि पंतांच्या वेळी नव्हती अशी एक भर: या दरवाजांचा सगळा नकाशा डिस्कच्या सुरुवातीला काही मेगाबाइटांत असतो. तेवढाच भाग खराब झाला तर बरोबर पासवर्डही फुकट, म्हणून त्याची वेगळी प्रत ठेवावी लागते. पण ती प्रत जुनी असेल, तर तुम्ही नंतर चिणलेले दरवाजे तिच्यात उघडेच असतात. तेव्हा चिणकाम झालं की जुनी प्रत नष्ट करून नवी घ्यावी. आपल्याला न दिसलेली वाट दुसऱ्या कुणी दाखवली तर काय करावं, हेही रायगडाची कथा सांगते. दरवाजे बंद झाल्यावर हिरकणी कड्यावरून उतरून तान्ह्या बाळाकडे गेली, तेव्हा महाराजांनी तिचा सन्मान केला आणि त्या जागी बुरूज बांधून वाट बंद केली. आजच्या ऑफिसात हिरकणीला आधी मेमो मिळाला असता, आणि कडा तसाच राहिला असता.

तेव्हा सुरक्षित ठिकाण म्हणजे काय, याचं माझं उत्तर रूक्ष आहे. ते एक ठिकाण नसतं. दोन प्रती, दोन इमारतींत, दोन माणसांच्या ताब्यात, आणि सर्व्हरमध्ये एकही नाही. पाकिटात नुसता आकडा नको. कोणत्या सर्व्हरचा, कोणत्या डिस्कचा, कोणत्या तारखेचा आणि तो वापरायचा कसा, हे चार ओळींत. या ओळी एखाद्या हुशार हेरासाठी लिहायच्या नाहीत. तीन वर्षांनी, घाईत, घामाघूम होऊन, साहेब डोक्यावर उभे असताना पाकीट फोडणाऱ्या माणसासाठी लिहायच्या. चोर कधीतरी येईल किंवा येणारही नाही. तो घामाघूम माणूस येणार हे नक्की.

आणि ही किल्ली लागते का ते बघायचं. हे कुणीच करत नाही, कारण त्यासाठी यादीत तारीख नसते. ती मी देतो: खंडेनवमी. त्या दिवशी सगळ्या ऑफिसांत सर्व्हरला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात, एखादा भाविक तर पंख्याच्या जाळीतून अक्षताही सोडतो. आरती झाली की पाकीट फोडायचं. बॅकअपची डिस्क वेगळ्या यंत्राला जोडायची, आणि ज्यानं किल्ली ठेवली त्याला खुर्चीत बसवायचं नाही. दुसऱ्यानं, फक्त पाकिटातल्या कागदावरून, ती उघडून दाखवायची. उघडली तर ती किल्ली रद्द करून नवी काढायची, नव्या पाकिटात घालायची आणि पेढे वाटायचे. नाही उघडली तरी पेढे वाटायचे, कारण सर्व्हर अजून चालू आहे, त्याची डिस्क उघडी आहे, म्हणजे नवी किल्ली आणि नवा बॅकअप आजच्या आज घेता येतो. नेमक्या याच दिवशी कळलं हे त्या ऑफिसाचं केवढं नशीब! फक्त अशा वेळी पेढे साहेबांच्या खिशातून आणायचे, आणि ते चितळ्यांचेच हवेत म्हणून अडून बसायचं.